काळी स्क्रीन आणि जुनं कर्नल

रविवार, रात्र

अपडेटनंतर माझा लिनक्सवरचा कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, तर लॉगिनची खिडकी आलीच नाही. काळ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकत होता. धाकट्या भावाचा सल्ला तयार होता, "दादा, फॉरमॅट मार आणि मोकळा हो." तोटी गळते म्हणून कुणी घर पाडतं का? अशा वेळी मशीन बहुतेकदा मेलेलं नसतं. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालू असतं, फायली जागच्या जागी असतात. चित्र दाखवणारा वरचा थर तेवढा उभा राहिलेला नसतो.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं आणि साधं अक्षरांचं टर्मिनल उघडलं. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, या बूटच्या (सुरू होतानाच्या) चुका पाहिल्या, तर ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूलच, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा तुकडाच, सापडत नव्हतं. दर कर्नलसाठी असं मॉड्यूल बांधून देणाऱ्या डीकेएमएसला विचारलं. मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी तयार होतं, नव्यासाठी नव्हतं. नवं कर्नल आलं होतं, पण त्याचं हेडर्सचं (कर्नलच्या जोडण्यांचं वर्णन असलेल्या फायलींचं) पॅकेज बरोबर आलं नव्हतं, आणि हेडर्सशिवाय मॉड्यूल कंपाइल होत नाही. खुल्या कोडचा मुक्त ड्रायव्हर मदतीला आला असता, पण कंपनीचा बंद ड्रायव्हर बसवताना त्याला काळ्या यादीत टाकलेलं, म्हणजे लोड होण्यापासून रोखलेलं असतं.

यावर आज बराच विचार केला. कर्नल बदललं म्हणून वापरणाऱ्याचे प्रोग्राम मोडता कामा नयेत, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा जुना आग्रह. पण कर्नलच्या आतल्या जोडण्यांना ही हमी नाही, त्या मुद्दाम बदलायला मोकळ्या ठेवल्या आहेत. जो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमध्ये आहे, त्याची दुरुस्ती आतली जोडणी बदलणाराच करतो. बाहेर राहिलेल्याला दर वेळी मागून धावावं लागतं. त्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली, तरी मला हे धोरण योग्यच वाटतं. तसं नसतं तर 1991 मधल्या लिनक्सच्या जन्मापासूनच्या चुकीच्या रचना आजही तशाच वागवत बसावं लागलं असतं.

आणि जुनं कर्नल लगेच पुसलं जात नाही, याचं मला फार अप्रूप आहे. सुरुवातीला कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'प्रगत पर्याय' उघडला की ते तिथं असतं. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात तर साधारणपणे 3 कर्नलं ठेवलेली असतात. मी आधी जुन्यावर बूट केलं, डेस्कटॉप जसाच्या तसा आला. भावाला त्याचा प्रोजेक्ट उघडून दिला, तेव्हा कुठे तो शांत झाला.

मग सावकाश बाकीचं केलं. नव्या कर्नलचे हेडर्स घातले, डीकेएमएसने मॉड्यूल बांधलं, कर्नलं ठेवतात त्या बूट विभागात जागा आहे ना ते पाहिलं. सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट चालू असल्याने मॉड्यूलवर सहीही लागते, तीही तपासली. आता नव्या कर्नलवर लॉगिन येतंय. हेडर्सचं मेटापॅकेजही बसवलं आहे, म्हणजे पुढचं कर्नल आलं की त्याचे हेडर्स सोबतच येतील.