बुडखा आणि पाण्याची पाळी

झाड तोडायचं म्हटलं की सोलापुरात चार माणसं लगेच मिळतात. लाकूडवाला तर फुकटात येतो, वर खोडाचे पैसे देऊन जातो. जमिनीत उरलेला बुडखा काढायला मात्र कुणी येत नाही. त्यात माती असते, दगड असतात, करवत-मशीनच्या चेनचे दात जातात आणि वखारवाला त्याला हातही लावत नाही. आमच्या धंद्यातलं निम्मं काम म्हणजे दुसऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम.

गेल्या जूनमध्ये पूर्व भागातल्या एका बोळातून फोन आला. घर पद्मशाली विणकरांचं, खाली दोन यंत्रमाग, वर बिऱ्हाड. दारातला कडुलिंब वळवाच्या वाऱ्यात भिंतीकडे कलला होता. महापालिकेची परवानगी त्यांनी रीतसर काढली होती, तो कागद मी आधी बघितला. कागद नसेल तर मी पहारसुद्धा गाडीतून काढत नाही. 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, जाळणं आणि इजा करणंही त्यातच येतं. लोकांना हे पटत नाही. ‘ॲसिड ओता, आपोआप मरतंय’ असा सल्ला गल्लोगल्ली मिळतो.

लाकूडवाल्यानं झाड नेलं होतं आणि गुडघाभर बुडखा ठेवला होता. का ठेवला, ते जवळ गेल्यावर कळलं. सालीच्या आत जाड लोखंडी हूक मुरला होता. लाकूडवाल्याची चेन त्यावर गेली, ठिणग्या उडाल्या आणि गडी मशीन उचलून निघून गेला. त्याला दोष देत नाही. पात्याचं टोक लोखंडावर आपटलं तर मशीन उसळून तोंडावर येतं. घरातली म्हातारी, सगळे तिला अव्वा म्हणत होते, ती म्हणाली, “ताना, म्हंजे मागाचं उभं सूत, बांधायचा हूक तो. हातमाग होता तवा ह्या बोळात ताना पसरायचो आम्ही, याप चेट्टूपासून त्या कोपऱ्यापर्यंत.” याप चेट्टू म्हणजे तेलुगूत कडुलिंब.

बुडखा उंच राहिला हे माझ्या पथ्यावरच पडलं. ‘जमिनीसरशी कापा, स्वच्छ दिसतंय’ असं लोक सांगतात आणि मग साखळी अडकवायला काही उरतच नाही.

थोरल्या मुलानं आधी जेसीबीवाल्याला विचारलं होतं, पण बोळात रिक्षा शिरताना आरसे मिटावे लागतात, जेसीबी कुठला शिरणार. दुसऱ्यानं रॉकेल ओतून जाळायचा सल्ला दिला होता. मूळ जमिनीखाली धुमसत कुठवर जाईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि भिंतीपलीकडे सुताच्या कोनांची थप्पी. मी साडेसहा हजार सांगितले. अव्वानं ‘अय्यो’ म्हणून कपाळाला हात लावला, तरी काम आम्हालाच मिळालं.

मी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड पाळी असते. “कालच येऊन गेलं की वो,” सून म्हणाली, “आता चार दिवस निवांत.” सकाळी सहाला आम्ही तिघं खाली उतरलो. मी, माझा मेव्हणा आणि एक पोऱ्या. वर वीतभर काळी माती, खाली मुरूम. पहार मारली की हाताला झिणझिण्या. नऊपर्यंत भोवती दोन हात खड्डा झाला आणि मुळं दिसायला लागली. बोळाकडची तोडत गेलो. भिंतीखाली गेलेली दोन मुळं मात्र भिंतीपाशीच कापायची आणि आत तशीच सोडायची, हे मी पोऱ्याला दोनदा बजावलं. ती ओढली तर जोत्याचा दगड बरोबर येतो.

एका जागी माती ओली लागली. जूनमध्ये, पाऊस नसताना, हाताएवढ्या खोलीवर ओल कुठली? हातानं उकरत गेलो तर मनगटाएवढं मूळ अर्ध्या इंची पाइपाला अजगरासारखं वेढा घालून बसलेलं. पाइपाचा सॉकेट, म्हणजे जोड, गंजलेला आणि त्याच्या आट्यांतून केसांसारखी तंतुमुळं आत शिरलेली. पाइप मुळानं फोडलेला नसतो, हे मी नेहमी सांगतो. आधी पाइप गळतो, मग मूळ तिथं पोचतं.

“नळाला जोर कमी येतो का?” मी विचारलं.

“करंगळीएवढं येतंय बघा. मोटार लावली की आधी गढूळ येतंय. दोन प्लंबर बघून गेले, लाईनच कमजोर म्हणाले.”

मोटार ओढायला लागली की त्याच फटीतून खड्ड्याची माती आत जात होती. हेच पाणी घर किती वर्षं पीत होतं, हे मी बोललो नाही. सुनेला ते न बोलताच समजलं असावं, ती आत निघून गेली.

अकराच्या सुमारास बोळाच्या तोंडाकडून आरोळी आली, “पाणी आलंय, पाणी आलंय!” पाळी नसताना! सगळ्या दारांतून घागरी बाहेर. आमच्या खड्ड्यात सॉकेटमधून फवारा सुरू झाला. बंद करायला व्हॉल्व्ह सापडेना, तो कधीतरी काँक्रीटखाली गेलेला. मेव्हण्यानं सायकलची ट्यूब करकचून बांधली, तरी अर्ध्या तासात खड्डा गुडघाभर भरला. अव्वा पायरीवर उभी राहून तेलुगूत बोलत होती. ते शब्द मला कळतात, इथं लिहीत नाही.

पाणी गेल्यावर आम्ही बादल्यांनी उपसा सुरू केला आणि माझ्या लक्षात आलं, मुळं धुऊन निघालीत. एरवी मातीतल्या मुळावर मशीन लावलं की मिनिटात चेन बोथट होते, म्हणून आम्ही कुऱ्हाडीनं दीड-दोन तास घालवतो. आता नुसती तांबूस लाकडं. पाइपापासून लांबची मुळं मशीननं कापली, वेढा घातलेलं मूळ छिन्नीनं तासून सोडवलं. मग लोखंडी पाइपांची तिपाई उभी केली, चेनपुली लावली आणि साखळी त्याच जुन्या हुकाखाली अडकवली. विजेच्या खांबाला किंवा भिंतीला ताण द्यायची गरजच पडली नाही. साडेतीनला बुडखा पहिल्यांदा हलला. सोटमूळ तोडायला पुन्हा तासभर गेला.

संध्याकाळी प्लंबरनं तो तुकडा बदलला, व्हॉल्व्ह नवा बसवला. मग हिशेबाला बसलो.

“पाचशे कमी करा,” अव्वा म्हणाली. “धुवायचं काम आमच्या पाण्यानं केलंय.”

“अव्वा, उपसा आम्ही केला की.”

“आणि हूक? साखळी त्यालाच लावली नव्हं?”

तीनशे कमी केले. हूक कापून द्यायचा ठरला होता, पण लाकडातून तो सुटेना, मग बुडख्याचा तेवढा तुकडाच तिनं जिन्याखाली ठेवून घेतला. बाकीचा बुडखा तीन दिवस बोळात पडून होता, मुलं त्यावर बसून गोट्या खेळत होती. चौथ्या दिवशी वीटभट्टीच्या टेम्पोनं नेला.