इव्हर्शोल्ट स्ट्रीटवरचे लेव्हर्टन

लंडनला आलेला मराठी माणूस किंग हेन्रीज रोडवरील डॉ. आंबेडकरांचे घर पाहून चॉक फार्मकडे उतरतो आणि बहुधा कॅम्डनच्या बाजारात रमतो. गेल्या खेपेस मी मात्र तसाच पुढे युस्टनच्या दिशेने चालत गेलो, कारण मला लेव्हर्टन अँड सन्स या अंडरटेकरांचे, म्हणजे अंत्यविधीची सारी व्यवस्था करणाऱ्यांचे, दुकान पाहायचे होते. 'दुकान' लिहिताना हात जरा अडखळतो. आपल्याकडे मर्तिकाचे साहित्य विकत मिळते, पण तिरडी बांधायला आळीतलीच माणसे पुढे होतात आणि बांबू किती, सुतळी किती, हे त्यातले एखादे जाणते काका न विचारता सांगतात. तेच जाणतेपण या घराण्याने १७८९ पासून पिढ्यानपिढ्या पेशा म्हणून सांभाळले आहे.

घराण्याचा मूळ पुरुष सुतार होता. त्या काळी इंग्लंडात शवपेटी सुतारच करीत. पेटी करून देणाऱ्याकडेच मग ती वाहून नेण्याचे, घोडागाडीचे आणि काळ्या पोशाखांचे काम येत गेले, आणि बघता बघता सुताराचा अंडरटेकर झाला.

१९९१ मध्ये राजघराण्याच्या अंत्यविधींची जबाबदारी केन्यन या जुन्या कंपनीकडून लेव्हर्टनकडे आली, आणि तिच्याबरोबर राणी एलिझाबेथ यांच्यासाठी आधीच करून ठेवलेली ओक लाकडाची शवपेटीही आली. तिला आतून शिशाचा पत्रा आहे, कारण राजे-राण्यांचे देह बहुधा मातीत न पुरता चर्चखालील तळघरात ठेवतात आणि शिशामुळे पेटीत हवा व दमटपणा शिरत नाही. वजन मात्र इतके वाढते की ती उचलायला आठ सैनिक लागतात. हयात व्यक्तीची शवपेटी ३१ वर्षे जपून ठेवायची, हे माझ्या आजीला सांगितले असते तर तिने आधी माझ्या तोंडावर हात ठेवला असता. पण १९९७ साली डायना यांचे पॅरिसमध्ये अकस्मात निधन झाले, तेव्हा काही तासांत शवपेटी घेऊन विमानाने निघता आले ते अशा तयारीमुळेच.

१३ सप्टेंबर २०२२ च्या पावसाळी संध्याकाळी लंडनच्या नॉर्थोल्ट विमानतळाहून निघालेली राणीची शववाहिनी राजघराण्याचे कार्यालय आणि जॅग्वार लँड रोव्हर ही मोटार कंपनी यांनी मिळून आखली होती. छत काचेचे, आत दिवे. अंधारातही पेटी दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांना स्पष्ट दिसत होती. त्याआधी दोनच दिवस, स्कॉटलंडमधील बाल्मोरल या राजवाड्याहून राणीची पेटी घेऊन निघालेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीच्या काचेवर त्या कंपनीचे नाव झळकले होते. टीका झाली आणि ते काढावे लागले. या धंद्यात नाव कुठे दिसू नये, हे कळणे पेटी करता येण्याइतकेच महत्त्वाचे असावे.

समोरच्या फुटपाथवर मी दहा मिनिटे उभा राहिलो. आत गेलो नाही. आत जाण्याचे कारण सुदैवाने नव्हते.