पेंचच्या अंधारात मोजलेले अँपिअर

डिसेंबरातल्या त्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी फ्रिजची घरघर थांबली. त्यासोबत दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या माउंटचा लाल दिवा गेला, कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. खुर्चीत ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या बाबांनी विचारलं, "लाइन गेली का गं?"

लाइन तिथे नव्हतीच, सगळं एका बॅटरीवर चालू होतं. आम्ही सिल्लारीजवळ एका ओळखीच्या शेतावर तंबू ठोकला होता. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत जबलपूर रस्त्याने पवनी गाठायची आणि डावीकडे जंगलाकडे वळायचं, सगळं मिळून सत्तर किलोमीटरच्या आसपास. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा हा भाग देशातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला. आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून बसवलेत, त्यामुळे नागपूरच्या गच्चीवरून जे आकाश पुसून गेलंय ते इथे अजून जागेवर आहे. ती रात्र मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची होती. पुनर्वसूच्या जोडीजवळून उल्का सुटत होत्या, बाबा मोठ्याने मोजत होते, आणि माझी रात्रभराची चित्रमालिका अर्ध्यातच तुटली.

बॅटरी नवी होती, लिथियम आयर्न फॉस्फेट, बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-अवर, म्हणजे एक अँपिअर शंभर तास देईल एवढी. मध्यरात्री मी तिचं व्होल्टेज पाहिलं होतं, १२.९. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी पूर्ण भरली की १२.७ दाखवते. म्हणजे ही तर भरलेल्याहून भरलेली, असं समजून मी निवांत होते. खरं तर तोवर तिच्यात जेमतेम पाचवा हिस्सा उरला होता.

फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन होतं. रात्र थंड होती म्हणून निभावलं. हीच गोष्ट मार्चमध्ये झाली असती तर, हा विचार परतीच्या वाटेवर आमडी फाट्यावर संत्री घेतानाही डोक्यातून गेला नाही.

दुसऱ्याच दिवशी नागपुरात बर्डीच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानात एक मोठा चार्जर पुढे आला. "घ्या ना ताई, सगळ्याच बॅटऱ्यांले चालते." पाठीवर बारीक अक्षरांत 'रिपेअर मोड' लिहिलेलं होतं. जुन्या पाण्याच्या बॅटरीच्या प्लेटांवरचा सल्फेटचा थर सोडवायला हे चार्जर १५ व्होल्टच्या वर झटके देतात. लिथियमला त्याचा काहीच उपयोग नाही, नुकसान मात्र होऊ शकतं. माझ्या बॅटरीवर कमाल १४.६ व्होल्ट छापलेलं होतं. हा मोड बंद करता येतो का, याचं उत्तर दुकानात कुणालाच देता येईना, म्हणून तो तिथेच ठेवून आले.

उत्तर मिळालं ते कामठी रोडवर, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांकडे. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, लिथियमले व्होल्टेज पाहून नाही समजत. थे शेवटपर्यंत तेरा-तेरा दाखवत राह्यते, अन् मंग एकदम बसते."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. भरलेली असो की पाऊण रिकामी, तिचं व्होल्टेज साधारण १३.३ ते १२.९ एवढ्यातच फिरतं. त्यातही भार चालू असला की आकडा खाली बसतो, चार्जर लावला की वर उचलतो. शेवटचे पाच-दहा टक्के उरले की मात्र कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं आणि आतली संरक्षक यंत्रणा, बीएमएस, सगळं तोडून टाकते. म्हणून गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपिअर मोजावा लागतो. तो मोजतो शंट.

काकांनी तो माझ्या हातावर ठेवला. पितळेचे दोन जड ठोकळे, मध्ये पातळ पट्ट्या. ५०० अँपिअर गेले तर दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो, म्हणजे माझा फ्रिज चार अँपिअर ओढतो तेव्हा अर्ध्या मिलिव्होल्टहूनही कमी. एवढासा फरक शंटसोबतचा मॉनिटर सतत मोजतो आणि त्यावरून टक्के काढून मोबाइलवर दाखवतो. मी व्हिक्ट्रॉन कंपनीचा शंट घेतला. महाग पडला. पण चार्जरपेक्षा आधी यावर पैसे घाला, असं मी कुणालाही सांगेन.

जोडताना मी एक चूक केली, ती इथे लिहून ठेवते. बाकी सगळं शंटवर आणलं, पण फ्रिजचा मायनस जुन्या सवयीने थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावला. मॉनिटर शून्य अँपिअर दाखवत होता आणि फ्रिज गारेगार चालू. बॅटरीच्या मायनसवर शंटला जाणारी एकच जाड केबल हवी, बाकी प्रत्येक मायनस शंटच्या पलीकडच्या ठोकळ्यावर. चार्जरचाही, सोलरचाही. मॉनिटरला 'पूर्ण भरली' हे ओळखायलाही शिकवावं लागतं. मी १४.२ व्होल्ट आणि चार अँपिअरच्या खाली उतरलेला करंट, असं सेट केलं. तिथे पोचली की आकडा पुन्हा शंभरावर येतो. मोजणीतली बारीक चूक दिवसागणिक साठत जाते, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरायचीच.

चार्जरचा हिशेब त्यानंतर सोपा झाला. घरासाठी वीस अँपिअरचा, १४.४ व्होल्टला थांबणारा, लिथियमची सेटिंग असलेला घेतला. सहाएक तासांत रिकामी बॅटरी भरते. गाडीत मात्र मी आधी मोठी फसगत करून घेतली होती. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून बारीक वायरने बॅटरी जोडायची आणि सिल्लारीपर्यंत ती भरत जाईल, असं धरून चालले होते. त्या वायरीतच इतकं व्होल्टेज पडतं की बॅटरीपर्यंत फारसं काही पोचत नाही. जाड वायर थेट टाकावी तर उलटी अडचण. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी, ती भसाभसा करंट ओढते आणि गाडीत वीज बनवणारा अल्टरनेटर तापतो. शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज खालीवर होत राहतं. यावर उपाय डीसी-टू-डीसी चार्जर. माझा १८ अँपिअरचा आहे, अल्टरनेटरकडून मर्यादेतच करंट मागतो आणि बॅटरीला नीट १४.४ देतो. शंभर वॉटचं सोलर पॅनल एमपीपीटी कंट्रोलरवर आहे, तो पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढतो. डिसेंबरातल्या एका स्वच्छ दिवशी त्याने चोवीस अँपिअर-अवर दिले, तेही मॉनिटरवरूनच कळलं.

हिमालयात जाणाऱ्यांनी एक पाहावं, शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. आपल्याकडे धोका उलट बाजूने येतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका, चार्ज तर मुळीच करू नका.

जानेवारीच्या अमावास्येला पुन्हा निघालो. निघताना बॅटरी १०० टक्के. बाबांनी मोबाइल स्वतःकडे घेतला होता. संध्याकाळी माउंट, कॅमेरा, दव पडू नये म्हणून लेन्सला बांधायची हीटरची पट्टी, फ्रिज, सगळं लावलं. एकेक गोष्ट लावताना करंट किती वाढतो ते पडद्यावर दिसत होतं. ती हीटरची पट्टी एकटीच माउंटपेक्षा जास्त खाते, हे मला पहिल्यांदा कळलं, म्हणून तिचा रेग्युलेटर अर्ध्यावर आणला. काचेवर तरीही दव बसलं नाही. रात्री शेजारच्या नाल्याकडून चितळाची हाक आली, थोड्या वेळाने दुसरी. मग बराच वेळ काहीच नाही. मृग नक्षत्र पश्चिमेला कलत गेलं.

पहाटे चार वाजता जाग आली. मागच्या वेळची भीती होतीच. मोबाइल बाबांच्या उशाशी होता.

"किती?"

"एकोणसत्तर. झोप तू."

उजाडल्यावर ५९ होते. कॅमेऱ्यात रात्रभराची चित्रं सलग. बाबांनी फ्रिजमधून इन्सुलिन काढलं, टोचून घेतलं, मग आम्ही चुलीवरच्या पोह्यांवर घरून आणलेली तर्री ओतून खाल्ली. दुपारपर्यंत उन्हाने ६६ केले. गाडी सुरू केली तसा डीसी-टू-डीसीचा निळा दिवा लागला. बाबा मैलाचे दगड वाचावेत तसे आकडे वाचत होते. पवनीला ६८, मनसरला ७७, आणि कन्हानच्या पुलावर ८४.