काळी दोनचं गाणं, ए ४३५ : पियानो आणि बँड अखेर एका सुरात

काल सकाळी साडेसहाला आपल्या काळी दोनच्या रॉक गाण्यासाठी आत्याचा पियानो आणि मे महिन्यात रेकॉर्ड केलेला बँड एकत्र लावून ऐकले आणि हेलकावा आला नाही. दुसऱ्या अंतऱ्याआधी गिटार आणि माझा उजवा हात एकाच काळी पाच या स्वरावर येऊन थांबतात ना, तिथे गेले सात आठवडे सेकंदाला पाचेक वेळा 'वावावाव' ऐकू येत होतं. ते पूर्ण गेलं. तेवढाच तुकडा मी वीसेक वेळा ऐकला असेल.

ड्रम, बास आणि दोन्ही गिटारी आपण ए ४४० (म्हणजे मधला 'ए' सेकंदाला ४४० कंपनांचा) धरून, १३२ च्या लयीत रेकॉर्ड करून बसलो होतो, कारण तेव्हा पियानो डिजिटलच वाजवायचा असं ठरलं होतं. मग आत्याच्या नारायण पेठेतल्या घरातल्या जुन्या उभ्या पियानोवर मुखडा वाजवून पाहिला आणि डिजिटलकडे परत जावंसं वाटेना. डाव्या हाताची ठोकलेली सप्तकं त्या लाकडातून अशी येतात की पायाखालची फरशी थरथरते. रॉकला हेच हवं. फक्त पियानो सुरापेक्षा खाली होता. ४३५ म्हणजे ४४० पेक्षा वीस सेंट खाली, अर्ध्या स्वराचा पाचवा भाग. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण कान लगेच कुरकुरतो.

पियानो वर चढवावा म्हणून कॅम्पातल्या ट्यूनर काकांना बोलावलं. त्यांनी वरच्या सप्तकातल्या दोन तारा हळूहळू चढवल्या, तिसरी चढवताना 'टण्ण' झालं. गंजलेली तार खुंटीपाशीच तुटली. काकांनी चावी खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, तारा दोनशेच्या वर आहेत, एकेकीवर सत्तरेक किलोचा ताण. म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला लावू नका." पुढचा विषयच संपला. तुटलेली तार त्यांनी त्यांच्याकडच्या वेटोळ्यातून घातली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. पुण्यात पियानो असेल तर असा माणूस जपून ठेवा, ट्यूनिंग ॲपच्या भरवशावर स्वतः चावी फिरवू नका.

त्यात जून लागला. हवेतला ओलावा पियानोची मागची फळी पिते आणि फुगते. तिच्यावरची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तारांना वर ढकलते, ताण वाढतो, सूर चढतो. सगळा पियानो सारखा चढला असता तर निभावलं असतं, पण मधली सप्तकं जास्त चढतात आणि अगदी वरची जेमतेम हलतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मधला ए ४३७ च्या पुढे गेला होता आणि त्याच्या वरचं सप्तक त्याच्याशी भांडत होतं. आर्द्रतामापकावर ८४ टक्के.

यावर जुना उपाय केला. खालची फळी काढून आत, लाकडापासून वीतभर लांब, ४० वॉटचा बल्ब लावला. फळी काढल्यावर जुन्या नमद्याचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. बल्ब तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. तपकीर गल्लीत चौथ्या दुकानात मिळाला, मी सहा घेऊन ठेवले. दहा दिवसांत मापक ६८ वर स्थिरावला, मग काकांनी येऊन पूर्ण पियानो ४३५ वर लावला. तेव्हापासून एक सेंटही हललेला नाही.

राहिला बँड. सॉफ्टवेअरमधून नुसता सूर वीस सेंट खाली आणून पाहिला. बासची धार गेली आणि झांजा पाण्यात बुडवल्यासारख्या झाल्या. तीन वेगवेगळे अल्गोरिदम वापरले, तिन्ही नकोसे. मग बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांची १९६५ ची युक्ती आठवली. बीटल्सच्या एका गाण्यात त्यांनी पियानोचा तुकडा निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली वाजवला आणि टेप दुप्पट वेगाने फिरवली. आपल्याला उलटं आणि जरासंच करायचं होतं. ४३५ भागिले ४४०, म्हणजे ०.९८८६४. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ट्रॅकचा वेग तेवढा केला आणि वेग बदलला तरी सूर तोच ठेवणाऱ्या 'प्रिझर्व्ह पिच'ची खूण काढली. सूर बरोबर ४३५ वर आला आणि लय १३२ वरून एकशे साडेतीसवर. ना धार गेली, ना झांजा बुडाल्या. उलट स्नेअर किंचित भरदार झाला आणि मुखडा आता धावत नाही, चालतो. मला हीच लय जास्त आवडते आहे. गायकालाही वरचा सूर थोडा सुखाचा झालाय.

पियानोचं रेकॉर्डिंग मात्र सकाळीच. संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की मागच्या फळीजवळचे दोन्ही कंडेन्सर माइक तो अख्खा उचलतात.

आता रविवारचं. कोथरूडच्या छोट्या हॉलमध्ये पहिल्यांदाच लोकांपुढे वाजवलं. तिथे डिजिटल पियानो, मास्टर ट्यूनिंग ४३५, गिटारी आणि बासही ४३५ वर. सुरू करायच्या दोन मिनिटं आधी लाइट गेले आणि आले. पियानो बंद होऊन चालू झाला की स्वतःहून ४४० वर जातो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पहिला कॉर्ड वाजला आणि बासवाल्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. आठ मात्रांत थांबलो, ट्यूनिंग बदललं, परत सुरू केलं. दुसऱ्यांदा गाणं छान झालं, शेवटच्या मुखड्याला लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. पण तो पहिला कॉर्ड अजून कानात आहे. यूपीएसची चौकशी करतेय.

खरं तर हे लिहिता लिहिताच वाटतंय, यूपीएस कशाला? आत्याच्या दिवाणखान्यातच वाजवू. घरगुती बैठकीसारखं, पंचवीस माणसं, सतरंजी आणि खरा पियानो. ड्रमला ब्रश, गिटारला तो छोटा पाच वॉटचा ॲम्प. मध्येच उठून आत्याला फोन केला. ती म्हणाली, "चहा मी करते, पण ड्रम जिन्याखाली ठेवा." जिन्याखाली ठेवले तर आवाज आपोआप दबेल, हे तिने माझ्याआधी ओळखलं.

म्हणजे बैठक अनंत चतुर्दशीनंतरच, ढोल थांबल्यावर. पण तोवर हवा कोरडी व्हायला लागेल आणि सूर उतरेल. बल्ब कधी काढायचा ते आता मापक बघून ठरवावं लागणार. काकांना बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी यायला सांगितलंय.