माझ्या हातात गरीब गाय

जुनी शिवणाची मशीन दुरुस्त करायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि "मशीन लहरी झालंय" हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. मी आपला हसतो, कारण बहुतेक वेळा लहर सुईत असते. वाकलेली, बोथट नाहीतर उलटी बसवलेली सुई. एका मशीनने मात्र मला तीनदा तोंडावर पाडलं.

एक आजी आणि त्यांचा अकरा-बारा वर्षांचा नातू, दोघांनी मिळून बिडाचं काळं जड हेड चादरीत बांधून आणलं होतं. तक्रार अशी की वरून टीप सरळ, कापड उलटवलं की खाली दोऱ्याचं नुसतं जाळं. तेही रोज नाही हं. एक दिवस झकास चालतं, दुसऱ्या दिवशी रुसतं.

म्हटलं सोपं आहे. सुई बदलली, सुईचा दोरा पकडून खाली फिरवणारं शटल काढलं, दात्यांच्या मधून कापडाच्या भुश्याची अक्षरशः नमद्यासारखी वडी निघाली, सगळीकडे तेल दिलं. मग बॉबीन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, हातात घेतली. ती दोऱ्याला धरून लटकवली की जागेवर राहायला पाहिजे आणि हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकायला पाहिजे, ही साधी परीक्षा. ही बया सरकेचना, खालच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या पत्तीचा बारीक स्क्रू कुणीतरी करकचून आवळला होता. विचारलं तर आजी म्हणाल्या, "आम्ही हात पण लावला नाही रे बाळा." नातू जमिनीकडे बघत होता. स्क्रू जागेवर आणला, चार घड्यांवर टीप मारून दाखवली, दोन्हीकडून एकसारखी. आजी खूश, मी खूश.

आठवड्याने परत. तीच तक्रार, स्क्रू पुन्हा आवळलेला. मी टीप मारली तर सुंदर. तिसऱ्यांदा आलं तेव्हा ठेवूनच घेतलं आणि दिवसभर त्याच्यावर बसलो, पातळ कापड, जाड कापड, जीन्सची शिवण, सावकाश, जोरात, सगळं करून झालं, एक टाका सुटेल तर शपथ. बिघाड समोर असला की माणूस शांत असतो, बिघाड दिसतच नाही तेव्हा जी चिडचिड होते ती ह्या धंद्यातल्यालाच कळेल. वैतागून नीडल बारचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, स्क्रू सैल करायला घेतला होता. म्हणजे सुई तळाला जाऊन जेमतेम दोनेक मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा बारीक फुगा पडतो आणि शटलचं टोक नेमका तो फुगा पकडतं, हे गणित चुकलंय की काय असं वाटायला लागलं. पण ते चुकलं असतं तर टाके सुटले असते, खाली जाळं झालं नसतं. पेचकस खाली ठेवला. चांगल्या मशीनचं टायमिंग संशयावरून हलवलं की मग खरंच वाट लागते.

शेवटी म्हटलं, आजी, मीच येतो घरी, तुम्ही नेहमी शिवता तसं शिवा, मी फक्त बघतो.

गेलो. आजींनी स्टूल ओढलं, रीळ लावलं आणि हाक मारली, "ये रे, ओवून दे." कारण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना नेढं नीट दिसत नव्हतं. नातू आला, पहिलं काम काय केलं तर मागची दांडी खाली करून फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, पाडलं. मग रिळापासून दोरा आणला, वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्यांवरून फिरवला, स्प्रिंगमध्ये अडकवला, वरच्या दांड्यातून घेऊन सुईत ओवला. सगळं बरोबर, क्रमसुद्धा बरोबर. टीप मारली. खाली जाळं.

मी म्हटलं थांब, परत ओव. त्याने परत फूट खाली केलं.

"फूट आधी का पाडतोस रे?"

"आजीने सांगितलंय, काका. बोट सुईखाली जाऊ नये म्हणून."

आता झालं असं होतं, की फूट वर असतं तेव्हा त्या दोन चकत्या सैल सुटतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतो. फूट खाली आलं की चकत्या एकमेकींना घट्ट चिकटतात, मग दोरा मध्ये न जाता काठावरून नुसता फिरून येतो, वरून बघणाऱ्याला वाटतं बसलाय. वरच्या दोऱ्याला ताणच नाही म्हटल्यावर शटलभोवती गेलेला फास वर ओढला जात नाही आणि खाली लोंबतो. जाळं दिसतं खाली, म्हणून सगळे बॉबीनला शिव्या घालतात. नातवानेही तेच केलं होतं, खालचा स्क्रू आवळून आवळून. १८४६ साली एलायस हाऊने पेटंट घेतलं तेव्हापासून टाका असाच आहे, वरचा दोरा आणि खालचा दोरा यांची कापडात पडलेली अढी, आणि एकाने ताण सोडला की दुसरा उघडा पडतो.

मग मधूनच चांगलं का चालायचं? तर ज्या दिवशी पोरगं घाईत नियम विसरायचं आणि फूट वर असतानाच ओवायचं, त्या दिवशी टीप झकास. ज्या दिवशी आजीचं ऐकायचं त्या दिवशी बोंब. हे कळल्यावर तो असा काही हसायला लागला की आजींनी त्याला धपाटा घातला. "मी ओवत होते तोवर कधी झालं नाही असं," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं, कापड काढताना फूट वर केलेलं असायचं, तसंच ओवायच्या, त्यांच्या हाताला ते ठाऊक होतं, तोंडाने सांगायची वेळच आली नव्हती.

मला स्वतःचीच लाज वाटली. तीनही वेळा माझ्याकडे मशीन आलं की मी पहिलं दोरा काढून माझ्या पद्धतीने ओवत होतो, म्हणजे बिघाड आधी पुसून मग शोधत बसलो होतो. पोराला दाखवलं, फूट वर, ओव, मग फूट खाली करून सुईपाशी दोरा ओढ, सुई किंचित वाकेल इतका जड लागला की समज बसला. बोटाची भीती असेल तर पाय पायडलवरून काढून घे आणि चाक हाताने धर, आजी शेजारी असतीलच. स्क्रू पुन्हा जागेवर आणला, पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, उलट मागचे द्यायला लागले असते.

दोन महिन्यांनी फोन आला, "अरे बाळा, पुन्हा रुसलं बघ हे." मी एवढंच विचारलं, आज कुणी ओवलंय? थोडा वेळ काही आवाज नाही. मग मागून पोराचं ओरडणं ऐकू आलं, "आजी, तूच ओवलंस ना मघाशी नवा चष्मा लावून!" आणि फोन कट.