मोनार्क्सना न मिळालेले पैसे

कॅन्सस सिटीत राहायला आल्यावर पहिली दोन वर्षे मी बेसबॉलकडे नियम न समजणाऱ्या क्रिकेटवेड्या माणसाच्या किंचित तुच्छतेनेच पाहत होतो. ती तुच्छता गेली मैदानात नव्हे, तर शहराच्या अठराव्या रस्त्यावर आणि व्हाइन स्ट्रीटच्या चौकाजवळ असलेल्या निग्रो लीग बेसबॉल संग्रहालयात. निग्रो लीग म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या बेसबॉल लीग. आत शिरताच समोर खेळाडूंच्या ब्राँझच्या पूर्णाकृती पुतळ्यांनी भरलेले एक छोटे मैदान दिसते, पण आपल्यात आणि त्या मैदानात कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी तारेची जाळी असते. सगळा इतिहास पाहून झाल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही.

कृष्णवर्णीयांना व्यावसायिक बेसबॉलपासून दूर ठेवणारा लेखी नियम प्रमुख लीगच्या, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, नियमपुस्तकात कधीच नव्हता. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोच्या संघातून प्रमुख लीगमध्ये खेळले होते. पुढे १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीग या दुय्यम लीगच्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव केला आणि मग ही गोष्ट सर्वत्र मालकांच्या आपसांतल्या समजुतीवर चालत राहिली. कागदावर काही नसल्यामुळे दाद तरी कोणाकडे मागायची?

अशा परिस्थितीत १९२० च्या फेब्रुवारीत, संग्रहालयापासून जवळच असलेल्या पासिओ वायएमसीएच्या इमारतीत रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय संघमालकांनी इतर संघमालकांना एकत्र बसवून निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. कॅन्सस सिटी मोनार्क्स हा तिच्यातला मातबर संघ. प्रमुख लीगमध्ये प्रकाशझोतातला पहिला सामना १९३५ मध्ये झाला, तर मोनार्क्स १९३० पासूनच दिव्यांचे खांब ट्रकवर लादून गावोगावी रात्रीचे सामने भरवत होते. संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो या दिव्यांच्या गोष्टीपाशी.

जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये याच मोनार्क्सकडून खेळत होते. प्रमुख लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना करारबद्ध केले, एक हंगाम मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात खेळवले आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सच्या एबेट्स फील्ड मैदानावर उतरले; प्रमुख लीगमधली कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडली. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. मला मात्र संग्रहालयात जाईपर्यंत ठाऊक नव्हते ते हे, की मोनार्क्सचा रॉबिन्सन यांच्याशी वैध करारच नाही, असे सांगून रिकी यांनी त्या संघाला एक डॉलरही दिला नाही. रिकी यांचे धैर्य मी नाकारत नाही, पण त्या धैर्यात हिशेबही होता.

निग्रो लीगमधल्या नेवार्क ईगल्स संघाच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी मात्र आपला खेळाडू लॅरी डोबी याला प्रमुख लीगमधल्या क्लीव्हलँड संघाने मागितल्यावर मोबदल्याचा आग्रह धरला आणि १५ हजार डॉलर मिळवले. तरीही संघ वाचला नाही. लोक आपले खेळाडू पाहायला प्रमुख लीगच्या मैदानांवर जाऊ लागले आणि १९४६ मध्ये विजेत्या ठरलेल्या ईगल्सचे प्रेक्षक पुढच्याच वर्षी जवळजवळ निम्म्यावर आले. फॉस्टर यांची लीग आधीच बंद पडली होती; त्याच नावाने पुन्हा उभी राहिलेली निग्रो नॅशनल लीगही १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली. प्रमुख लीगने कृष्णवर्णीय खेळाडू घेतले. त्यांचे संघ, मालक आणि व्यवस्थापक, म्हणजे सामन्यात संघ चालवणारे, बाहेरच राहिले. खेळाडूंच्या बाबतीतही घाई कोणाला नव्हती, कारण बॉस्टन रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू खेळवला तो १९५९ मध्ये. प्रमुख लीगमधला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक दिसायला तर १९७५ उजाडावे लागले.

आता दर १५ एप्रिलला सगळे खेळाडू रॉबिन्सन यांचा ४२ क्रमांक घालून खेळतात, त्यामुळे माझ्यासारख्या नवख्याला कोण कुठला ते ओळखणेही कठीण जाते. मे २०२४ मध्ये निग्रो लीगची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवण्यात आली आणि निग्रो लीगमधले फलंदाज जॉश गिब्सन कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत प्रमुख लीगचे आधीचे विक्रमवीर टाय कॉब यांच्याही वर गेले. गिब्सन जानेवारी १९४७ मध्येच, म्हणजे रॉबिन्सन यांच्या त्या सामन्याच्या तीन महिने आधी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारले होते.

मोनार्क्सचे खेळाडू बक ओनील १९४७ च्या त्या एप्रिलमध्ये पस्तीस वर्षांचेच होते. खेळाडू म्हणून त्यांना प्रमुख लीग मिळाली नाही. १९६२ मध्ये शिकागो कब्सने त्यांना प्रशिक्षक नेमले, तेव्हा ते प्रमुख लीगमधले पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरले. या संग्रहालयासाठी ते अखेरपर्यंत झटले. दालने संपवून मी शेवटी मैदानात शिरलो, गिब्सन यांच्या पुतळ्याशेजारी उभा राहिलो आणि मागे वळून पाहिले, तर ओनील यांचा पुतळा जाळीच्या पलीकडे, सुरुवातीला मी उभा होतो त्या बाजूला होता.