मुंजीच्या तीन टेपा आणि एक डिस्क

धाकट्या भावाच्या मुंजीच्या तीन मिनी डीव्ही टेपा (कॅमेऱ्यातल्या छोट्या व्हिडिओ कॅसेटी), एकूण 2 तास 10 मिनिटं. संगणकावर उतरवल्या तेव्हा तासाला 13 जीबीच्या हिशेबानं 28 जीबी झाल्या. ते काम सुरळीत पार पडलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंना मात्र पेनड्राइव्ह नको होता. "डिस्कच दे गं. लावली की दिसली पाहिजे."

मी फायली एका दुकानात दिल्या. दुकानदारानं सगळी मुंज एकाच डीव्हीडीवर बसवून दिली. काकूंकडे लावली. भाऊ पाटावर बसलेला होता तोवर चित्र ठीक होतं. मंगलाष्टकं संपून अक्षता उडाल्या आणि पडदाभर नुसते चौकोन! आजीचा चेहरा त्या चौकोनांत हरवला. दुकानदार म्हणाला, "आवुंज आवे बेन, जूनी टेप छे." म्हणजे असंच येणार, टेप जुनी आहे. दोन डिस्क करून द्या म्हटलं, तर म्हणे, "बे डिस्क कोण बदले?" दोन डिस्क कोण बदलत बसणार? टेप जुनी असली तरी घरच्या संगणकावर तीच अक्षता दाणा न् दाणा दिसत होती. त्याचं ते वाक्य मला अजून सलतं.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. एका डीव्हीडीत मावतात 4.7 जीबी, म्हणजे 37,600 मेगाबिट. 130 मिनिटांचे 7,800 सेकंद. भागाकार आला 4.8, म्हणजे एका सेकंदाच्या वाट्याला इतकेच मेगाबिट, आणि त्यातच आवाजही. स्थिर चित्राला एवढे पुरतात. पण अक्षता, फुलं, नाचणारी पोरं अशी सगळी चौकट एकदम हलली की कमी पडतात. त्यात दुकानदारानं आवाज न दाबता, म्हणजे त्याची फाइल लहान न करता, तसाच ठेवला होता, तोच दीड मेगाबिट खाऊन बसला होता. आवाज एसी-3 या दाबलेल्या प्रकारात घेतला की पाव मेगाबिटच्या आत भागतं.

दुकानाच्या डिस्कवरूनच नवी करायचा प्रयत्न मीही एकदा केला. चुकलंच ते. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं की चित्र आणखी बिघडतं. मूळ 28 जीबी हाताशी असू द्या, डिस्क चांगली झाल्याची खात्री होईपर्यंत पुसू नका.

शेवटी 65-65 मिनिटांच्या दोन डिस्क केल्या. चित्र सेकंदाला 8 मेगाबिटवर ठेवलं. डीव्हीडीवर चित्राची मर्यादा 9.8 आहे, पण अगदी त्या काठापर्यंत नेलं की जुने प्लेअर अडखळतात. एका डिस्कवर साधारण 4 जीबी भरलं. हो, आणि डब्यावर 4.7 लिहिलेलं असलं तरी संगणक तीच जागा 4.38 दाखवतो. माझी 4.5 ची फाइल "जागा नाही" म्हणून तीनदा परत आली, तेव्हा हे कळलं.

राइट करताना वेग 4x किंवा 8x ठेवा, आणि शेवटी डिस्क फायनलाइज करायला, म्हणजे लिहिणं पूर्ण करून ती बंद करायला, विसरू नका, नाहीतर काकूंसारख्यांच्या प्लेअरवर ती उघडणारच नाही. वर कागदी लेबल चिकटवू नका, मार्करनं लिहा. चित्रण दोन डिस्कवर तोडायचं असेल तर दोन विधींमधल्या जागी तोडा. मी मंगलाष्टकं आणि अक्षता झाल्यावर तोडलं.

काकूंनी अक्षतेपाशी रिमोट दाबून चित्र थांबवलं. आजीच्या मुठीतून सुटलेले तांदूळ हवेत, वेगवेगळे. बराच वेळ त्या बघत राहिल्या. पहिली डिस्क संपली तशी मी उठायच्या आत काकूच दुसरी लावायला उठल्या.